टॉप शिवून झाला, मग?

१९३३ साली शिकागोला ‘शतकाची प्रगती’ या नावाचं जागतिक प्रदर्शन भरलं. ते निमित्त साधून सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने देशभरासाठी क्विल्टची स्पर्धा जाहीर केली. दिवस मंदीचे, बक्षिसांची एकूण रक्कम ७,५०० डॉलर आणि पहिलं बक्षीस हजाराच्या घरातलं. जानेवारीत घोषणा झाली आणि मेच्या मध्यावर मुदत संपली, तेवढ्यात २४,००० हून अधिक क्विल्ट येऊन पडल्या. पहिलं बक्षीस केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांना मिळालं. त्यांची क्विल्ट पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट म्हणून गेली. अनेक वर्षांनी अभ्यासकांनी माग काढला तेव्हा कळलं, की त्या क्विल्टमध्ये केडनबाईंच्या हातचा एक टाकाही नव्हता. तुकडे जोडणारे हात वेगळे, टाके घालणारे वेगळे, आणि सगळं काम मजुरीवर करून घेतलेलं.

ही लबाडीच होती. क्विल्ट स्वतः केलेली असावी, असा स्पर्धेचा नियम होता. पण लबाडी घडीभर बाजूला ठेवली, तर या हकिगतीत एक गोष्ट दिसते. तुकडे जोडायचे एकीने आणि त्यांची क्विल्ट करायची दुसरीने, ही वाटणी अमेरिकेत तेव्हा कुणालाच जगावेगळी वाटत नव्हती. आजही वाटत नाही. घरातल्या एका खोलीत मशीन मांडून बसलेल्या आणि दुसऱ्यांचे अर्धे राहिलेले टॉप पुरे करून देणाऱ्या बायका-पुरुषांचा धंदा त्याच वाटणीवर उभा आहे.

अमेरिकन पद्धतीची क्विल्ट तीन थरांची असते. वरचा नक्षीचा थर म्हणजे टॉप. कापडाचे चौकोन, त्रिकोण, पट्ट्या पाव इंचाची शिवण घेऊन एकमेकांना जोडलेल्या. खाली अस्तर. मध्ये कापसाचं, लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं भरण, त्याला तिकडे बॅटिंग म्हणतात. तिन्ही थरांतून आरपार टाके गेले, की ती क्विल्ट. तोवर टॉप कितीही देखणा असो, तो एक पातळ, मागून दोरे लोंबणारा कपडा असतो. अंगावर घ्यायच्या कामाचा नाही.

असे टॉप अमेरिकेत ढिगाने सापडतात. जुनी माणसं गेली, घर रिकामं करायची वेळ आली, की सामानाच्या विक्रीत ट्रंकेच्या तळाशी घडी घातलेले दोन-चार टॉप निघतात. नमुन्यांना तोटा नव्हता. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत क्विल्टचे नमुने छापले. बॅटिंगच्या गुंडाळीच्या वेष्टनावरही नमुने छापून येत. कापडही फार महाग नव्हतं. पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांचं छापील सुती कापड घरात येतच होतं. जोडण्याचं काम मांडीवर ठेवून करता येतं. मूल झोपलं, भाकरी व्हायला अवकाश आहे, तेवढ्यात दोन चौकोन जोडले. अशा तुकड्यांचा एक ठोकळा हातरुमालाएवढा असतो, तो पिशवीत घालून शेजारणीकडेही नेता येतो.

टॉप पुरा झाला, की हे सोपं गणित मोडतं. आता पलंगाएवढं कापड एकदम पसरायला जागा हवी. अस्तर आणि भरण हवं, आणि ते तुकड्यातुकड्याने आणून चालत नाही. पूर्वी लाकडी चौकट लागायची. लहान घरांत ती छताला दोऱ्यांनी टांगून ठेवत आणि काम असेल तेव्हा खाली सोडत. चौकटीवर एकटीने बसलं तर महिनोन् महिने जात, म्हणून शेजारणी जमायच्या. चर्चमधल्या बायकांचे गट पैसे घेऊन दुसऱ्यांच्या टॉपवर टाके घालून देत, आणि मजुरी पुष्कळदा किती वार दोरा लागला त्यावर ठरे. हिशेब चोख होता. दाट टाके घातले तर जास्त दोरा, जास्त दोरा तर जास्त पैसे. टॉप अर्धवट राहतो त्यामागे आळस क्वचितच असतो, जागा, पैसा आणि मदतीला येणारे हात यांची अडचण असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या गोधडीशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. जुनी लुगडी, धोतरं जमिनीवर एकावर एक अंथरायची, कडा कच्च्या दोऱ्याने टाचायच्या आणि वर ठिगळं ठेवत सगळ्या थरांतून धावदोरा घालत जायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी काही जण जंगलात निघून आले, त्यांचे हे वंशज, आणि त्यांच्यापैकी अनेकांची बोली कोकणी आहे. त्यांची ‘कवंदी’ एका कोपऱ्यापासून सुरू होते. काठाच्या तुकड्यांच्या कडा आत मुडपून टाके घालत कडेकडेने फिरायचं, आणि असं वळसे घेत मध्यापर्यंत यायचं. चार कोपऱ्यांवर घडी घातलेली छोटी त्रिकोणी ठिगळं, त्यांना फुलं म्हणतात. म्हणजे किनार सगळ्यात आधी पक्की होते, गोट वेगळा लावावा लागत नाही. जोडणं आणि टाके घालणं ही दोन कामं वेगळी नाहीतच. कवंदी अपुरी राहू शकते, पण त्यातून ‘नुसता टॉप’ उरत नाही. टॉप अडकून पडणं हे अमेरिकन पद्धतीच्या पोटातलंच दुखणं आहे, कारण तिथे नक्षी आधी आणि पांघरूण मागाहून.

कौतुकाचा ओघही नक्षीकडेच. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जुन्या अमेरिकन क्विल्ट भिंतीवर टांगून दाखवल्या. आधुनिक चित्रांशी त्यांची तुलना झाली, क्विल्टला कलेचा दर्जा मिळाला. ते चांगलंच झालं. पण भिंतीवरच्या क्विल्टकडे दहा फुटांवरून पाहिलं तर रंग आणि आकार दिसतात, टाके दिसत नाहीत.

आता टाक्यांकडे जाऊ. पण घरगुती स्टुडिओत टॉप आला, की पहिलं काम टाक्यांचं नसतं, तपासणीचं असतं. टॉप जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर पसरायचा, आधी उलटा. शिवणी कुठे उसवल्यात, कुठे पाव इंचाऐवजी जेमतेम दोन धाग्यांवर तग धरून आहेत, ते मागूनच कळतं. पाव इंच हे माप ऐकायला किरकोळ वाटतं. पण शिवण प्रत्येक बाजूला इंचाचा सोळावा भाग जास्त खोल गेली, तर एका जोडात इंचाचा आठवा भाग कापड कमी होतं. एका ओळीत १२ जोड असले, की ती ओळ दीड इंच आखूड. शेजारच्या ओळीत शिवण बरोबर असेल, तर दोघींची गाठ पडताना कुणाला तरी ताणावं लागतं. तो ताण टॉपमध्ये जिरत नाही, कुठेतरी फुगा होऊन वर येतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी किनारपट्टीची. नक्षीच्या भोवती चारी बाजूंनी लांब पट्टी जोडतात, आणि ती जोडायची चुकीची रीत जगभर एकच आहे: लांबलचक पट्टी घ्यायची, टॉपच्या कडेला लावून शिवत सुटायचं आणि शेवटी उरेल ते कापून टाकायचं. शिवताना मशीनचे खालचे दाते खालचं कापड किंचित जास्त ओढतात, टॉपची कडही हाताळून हाताळून थोडी सैल झालेली असते. परिणामी पट्टी गरजेपेक्षा जास्त शिवली जाते. अशी किनार जमिनीवर सपाट बसत नाही, परकराच्या घेरासारखी लहरत राहते. बरोबर रीत म्हणजे टॉप मधोमध मोजायचा. कडेला मोजायचा नाही, कारण कड खोटं बोलते. मध्यावर, वरच्या तृतीयांशावर आणि खालच्या तृतीयांशावर अशी तीन मापं घेऊन सरासरी काढायची, तेवढ्याच लांबीची पट्टी कापायची, मग तिचा मध्य आणि टोकं टॉपच्या मध्याला आणि टोकांना टाचणीने जुळवायची. मधला थोडासा फरक टाचण्यांमध्ये वाटून घ्यायचा. अशी पट्टी टॉपला शिस्तीत आणते.

लहरणारी किनार घेऊन आलेलं गिऱ्हाईक बहुधा एकच विचारतं: “टाके घातले की बसेल ना?” थोडं लहरणं बसतं, इंच-दीड इंचाचं बसत नाही. किनार उसवून परत लावणं किंवा चुण्या पडणार हे आधीच कबूल करून पुढे जाणं, एवढे दोनच रस्ते उरतात. चांगला कारागीर हे सुरुवातीलाच सांगतो. नंतर सांगितलं तर ते निमित्त वाटतं.

भरणाची निवड म्हणजे निम्मं रसायनशास्त्र आणि निम्मी सवय. कापसाचं भरण धुतल्यावर ३ ते ५ टक्के आटतं. ८० इंचांची क्विल्ट अडीच ते चार इंच आखूड होते, आणि टाक्यांच्या भोवती बारीक सुरकुत्या उमटतात. जुन्या क्विल्टची ऊबदार, वापरलेली कांती ती हीच. पुष्कळांना ती मुद्दाम हवी असते, ते कापड आधी धूत नाहीत. पॉलिएस्टर आटत नाही, हलकं राहतं, फुगीर राहतं, पण हलक्या प्रतीचं असेल तर त्याचे तंतू वरच्या कापडातून बाहेर डोकावतात. गडद कापडावर ही पांढरी लव भलतीच ओंगळ दिसते. लोकर हलकी आणि सर्वांत ऊबदार, किंमतही तशीच. ८० टक्के कापूस आणि २० टक्के पॉलिएस्टर हा मधला मार्ग आज पुष्कळ स्टुडिओंचा ठरलेला.

प्रत्येक भरणावर एक आकडा छापलेला असतो: टाक्यांच्या दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल. या आकड्याला इतिहास आहे. पूर्वीचं भरण म्हणजे नुसता पिंजलेला कापूस. पिंजारी धनुकलीने पिंजून गादीत भरतो तसाच, फक्त पातळ पसरलेला. त्याला धरून ठेवणारं काहीच नसल्याने टाक्यांच्या ओळी लांब पडल्या, की पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच कापूस गोळे करून कोपऱ्यात जमा होई. जुन्या क्विल्टवर इंच-दोन इंचांवर टाके दिसतात, त्यात हौस जितकी, तितकीच ही सक्ती. सिनसिनाटीच्या स्टर्न्स अँड फॉस्टर कंपनीने आपल्या ‘माउंटन मिस्ट’ भरणाच्या पृष्ठभागावर पातळ लेप देऊन तंतू बांधले, तेव्हा हाताळणं सोपं झालं. आताची अनेक भरणं तर असंख्य काटेरी सुयांनी टोचून तंतू एकमेकांत गुंतवलेली असतात, काहींच्या पोटात जाळीदार पापुद्राही असतो. त्यांतल्या काहींवर ८ ते १० इंचांपर्यंत अंतर चालतं.

कापसावरून आठवलं. जुनी क्विल्ट उजेडात धरली आणि आत सरकीचे काळे ठिपके दिसले, की ती एली व्हिटनीच्या १७९३ च्या जिनिंग यंत्राच्या आधीची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे खोटं आहे. जिनिंग आल्यावरही हलक्या प्रतीच्या कापसात सरकीचे तुकडे राहतच होते, आणि गरीब घरात हलकाच कापूस यायचा. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर वसलेल्या जीज बेंड या वस्तीतल्या काळ्या शेतमजूर बायका जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला कापूस काठीने झोडपून क्विल्टमध्ये भरत. ती गोष्ट विसाव्या शतकातली. त्यांच्या क्विल्ट २००२ पासून मोठ्या संग्रहालयांत फिरल्या, २००६ साली त्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. त्यांचे टाके मोठे आहेत, ओळी वाकड्यातिकड्या आहेत, आणि थर मात्र घट्ट धरलेले आहेत.

अस्तर टॉपपेक्षा प्रत्येक बाजूने ३-४ इंच मोठं घेतात, कारण टाके घालताना ते आत सरकतं. थर टाचून घेण्याचं काम घरी जमिनीवर होतं. अस्तर उलटं अंथरायचं, कडांना चिकटपट्टी लावून ताठ करायचं, पण ताणायचं नाही. ताणलेलं अस्तर चिकटपट्टी काढली की आखडतं आणि मागे चुण्या धरतं. त्यावर भरण, त्यावर टॉप, मग मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. पिना लावताना गुडघे बोलू लागतात. हे काम टेबलावर करायला हवं होतं, हा साक्षात्कार सगळ्यांना तेव्हाच होतो.

घरच्या मशीनवर टाके घालायचे, तर खरा प्रश्न जागेचा. सुईच्या उजवीकडे, मशीनच्या कमानीखाली साधारण ६ ते ८ इंच मोकळी जागा असते. पलंगावरच्या क्विल्टचा अर्धा भाग गुंडाळून तिथून सरकवायचा असतो. सरळ रेषा शिवायला वॉकिंग फूट नावाचा जोड मिळतो. त्यालाही दाते असतात, त्यामुळे वरचं आणि खालचं कापड एकाच चालीने पुढे जातं आणि वरचा थर मागे रेंगाळत नाही. वेलबुट्टी काढायची असेल तर मशीनचे दाते खाली उतरवायचे आणि कापड दोन्ही हातांनी फिरवायचं. टाक्याची लांबी मग हाताच्या वेगावर ठरते. हात सावकाश आणि पाय जोरात पडला, तर मुंगीएवढे टाके. हात धावला आणि पाय रेंगाळला, तर एकेक टाका तांदळाच्या दाण्याएवढा. इंचाला १० ते १२ टाके एकसारखे येईपर्यंत जुन्या चादरीच्या तुकड्यांवर हात बसवावा लागतो.

लाँगआर्म मशीनने हा व्यवहार उलटा केला. तिथे कापड जागच्या जागी राहतं आणि मशीन फिरतं. १०-१२ फूट लांबीच्या चौकटीवर अस्तर रुळांना टाचून ताठ बसवतात, त्यावर भरण, त्यावर टॉप. आधी कच्चे टाके घालायची गरज राहत नाही. मशीन रुळांवर चाकांनी सरकतं. दोन्ही हातांनी मुठी धरून ते चित्र काढल्यासारखं फिरवायचं. चाकांवरचे संवेदक वेग मोजतात आणि सुईची गती त्याप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून टाके एकसारखे पडतात. पूर्ण टॉपभर एकच वेलबुट्टी हवी असेल, तर मागच्या बाजूला कागदावर नक्षी अंथरून तिच्यावरून लेझरचा ठिपका फिरवतात, संगणकावर चालणारी मशीन तर तेही स्वतःच करतात. अमेरिकेत बिल बहुधा चौरस इंचावर होतं. ६० गुणिले ८० इंचांची क्विल्ट म्हणजे ४,८०० चौरस इंच. इंचाला दोन सेंट धरले तरी ९६ डॉलर होतात, आणि ठोकळ्याठोकळ्याला वेगळी नक्षी हवी असेल तर दर कितीतरी वर जातो. चर्चमधल्या बायकांचा वारावरचा दोरा गेला, चौरस इंच आला. टाके दाट असतील तर पैसे जास्त, हे तत्त्व तसंच.

दाटपणावरून एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. जिथे टाके दाट, तिथे कापड आखडतं. मधल्या ठोकळ्यांत अर्ध्या इंचावर नक्षी भरली आणि किनार मोकळी सोडली, तर मध्य आत ओढला जातो आणि सरळ शिवलेली किनारही लहरू लागते. चूक किनारीची नसते, टाक्यांच्या वाटणीची असते. म्हणून नक्षी कुठलीही निवडली, तरी दाटपणा सगळीकडे जवळजवळ सारखा ठेवायचा, किंवा किनारीलाही तितक्याच टाक्यांनी बांधायचं.

हाताने टाके घालणारे अजून आहेत, आणि त्यांची एक युक्ती पाहण्यासारखी असते. दोऱ्याच्या टोकाला बारीक गाठ मारतात, सुई टॉपमध्ये जिथून टाके सुरू करायचे त्याच्या थोडी अलीकडे घालतात, भरणातून पुढे नेऊन बाहेर काढतात आणि दोऱ्याला हलका हिसका देतात. टक् असा आवाज होतो आणि गाठ कापडातून आत शिरून भरणात बसते. वरून, खालून, कुठूनही गाठ दिसत नाही. इंचाला ८-१० टाके हा चांगल्या हाताचा दर्जा मानतात.

साडीचा टॉप असेल तर थोडा वेगळा विचार लागतो. जुनी सुती साडी धुऊन धुऊन विरलेली असते, रेशमी साडी सुईखाली घसरते. दोन्हींना मागून हलकं फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवून घ्यावं, मगच कापावं. जरीचा काठ टॉपच्या मधोमध घ्यायचा मोह आवरणं बरं. जर ताठ असते, तिच्यावर टाके ओढले जातात, आणि पांघरताना ती नेमकी हनुवटीला टोचते.

शेवटी गोट. पांघरुणाची कड सगळ्यात आधी झिजते, म्हणून इथे पट्टी दुहेरी घेतात: अडीच इंचांची पट्टी लांबीत मधोमध दुमडायची, दोन्ही कच्च्या कडा क्विल्टच्या पुढच्या कडेशी जुळवून शिवायच्या, मग दुमड मागे वळवून हातशिलाईने बसवायची. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबायचं, पट्टी वर ४५ अंशांत दुमडायची, परत खाली आणायची आणि पुढच्या कडेला शिवण सुरू करायची. मागे वळवल्यावर कोपरा पाकिटासारखा आपोआप जुळतो. पट्टी सरळ कापावी की तिरपी, यावर वाद चालतात. सरळ कापलेल्या पट्टीत कडेच्या दुमडीवर तेच-ते मोजके धागे आडवे येतात. ते झिजले की कड लांबवर चिरते. तिरप्या कापात, ज्याला शिवणाच्या क्लासमध्ये क्रॉसपट्टी म्हणतात, दुमडीवर असंख्य धागे थोडे थोडे येतात, म्हणून झीज वाटली जाते. रोज वापरायच्या क्विल्टला माझं मत तिरप्या पट्टीला. भिंतीवर लावायची असेल तर सरळ पट्टी पुरते, आणि कापडही कमी लागतं.

पट्ट्या किती कापायच्या, हा हिशेब कागदावर एक आणि कात्रीखाली दुसरा निघतो. ६० गुणिले ८० इंचांच्या क्विल्टचा परीघ २८० इंच. कोपऱ्यांच्या दुमडी आणि शेवटचा जोड यांसाठी १२ इंच धरले, तर २९२. कापडाचा पन्हा ४४ इंच, दोन्ही काठ काढून हाती ४२. भागाकार केला तर सरळ पट्ट्या ७. पण पट्ट्या एकमेकींना तिरप्या जोडायच्या असतात आणि प्रत्येक जोडात पट्टीच्या रुंदीएवढी, म्हणजे अडीच इंच लांबी जाते. सहा जोडांत १५ इंच गेले, उरले २७९. म्हणजे गोट क्विल्टभोवती फिरून सुरुवातीलाही पोहोचत नाही. आठवी पट्टी कापायची, आणि ती त्याच वेळी कापायची. नंतर तेच कापड दुकानात मिळेलच असं नाही.

जुना, कुणाच्या तरी आजीचा टॉप पुरा करायला येतो, तेव्हा प्रश्न निराळा असतो. आधी कापडाचा जीव पाहायचा. १९ व्या शतकातल्या काही तपकिरी आणि काळ्या रंगांत लोहाचा क्षार वापरलेला असे. तो कापड आतून खातो. अशा टॉपवर बाकी चौकोन ठणठणीत आणि फक्त तपकिरी तेवढे भुगा झालेले, असं दृश्य दिसतं. त्या काळच्या रेशमाला वजन यावं म्हणून धातूंचे, विशेषतः कथिलाचे क्षार पाजत. ते रेशीम घडीवर चिरत जातं, आणि त्यावर सुई चालवली की प्रत्येक टाक्याजवळ नवी चीर जाते. असा टॉप मशीनवर चढवू नये. आम्लरहित कागदात सैल घडी घालून ठेवणं, वर्षा-दोन वर्षांनी घडी बदलणं, एवढंच त्याच्या हिताचं.

कापड मजबूत असेल तर मतभेद सुरू होतात. संग्रहालयात वस्तू सांभाळणाऱ्यांचा कल टॉप आहे तसा ठेवण्याकडे असतो. अपुरा राहणं हीसुद्धा त्या वस्तूची हकिगत आहे, आणि एकदा टाके घातले, की मागच्या बाजूच्या शिवणी, कापडाच्या उलट्या बाजूचा न उडालेला रंग, पोत्यावर छापलेली अक्षरं, सगळं अस्तराखाली जातं. घरातली नात मात्र म्हणते, आजीने ही पांघरायला शिवली होती. मला नातीचं म्हणणं पटतं, पण आधी टॉपच्या दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढून ठेवले असतील तरच. डाग घालवायला ब्लीच वापरू नये. पहिली धुलाई गार पाण्यात करावी, आणि गडद लाल किंवा निळा रंग असेल तर भिजवून पडू देऊ नये. रंग सुटतो तो थांबलेल्या पाण्यात, आणि मग शेजारच्या पांढऱ्यावर बसतो.

अशा क्विल्टच्या मागे कापडाची चिठ्ठी शिवतात, आणि तिच्यावर दोन सालं लिहायची पद्धत चांगली आहे: टॉप केव्हा जोडला, क्विल्ट केव्हा पुरी झाली, आणि प्रत्येक सालापुढे ते काम करणारीचं नाव. जोडणारीचं नाव ठाऊक नसेल तर गाव आणि टॉप कुठे सापडला ते लिहावं. शाई कापडासाठीची, न पसरणारी घ्यावी, लिहिल्यावर इस्त्रीने पक्की करावी, आणि चिठ्ठी टाके घालण्याआधीच अस्तराला जोडावी, म्हणजे टाके तिच्यावरूनही जातात आणि पुढे कुणाला ती सहज उसवून काढता येत नाही.